१६०, पण कशाचे?
रुग्णालयातला संगणक, औषधांच्या चुका आणि आपली भाषा

साहित्य मंडळाच्या अंकात हॉस्पिटलच्या संगणकावर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. पण वाचकमित्रांनो, एकदा कुठल्याही वॉर्डात तासभर बसून बघा. तिथे दिवसभर लिहिणं आणि वाचणंच चालू असतं. केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, नर्सचा चार्ट, लॅबचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं आणि तिसऱ्याने त्याप्रमाणे करायचं. आपण कवितेतला शब्द चुकीचा वाचला तर फार तर परीक्षेत दोन मार्क जातात. इथे चुकीचं वाचलं तर माणूस जाऊ शकतो.

या कागदांच्या जागी आता स्क्रीन येत आहेत. त्यामुळे चुका कमी होतील असं आपण धरून चाललो आहोत. काही चुका खरोखर कमी होतातही, ते पुढे आकड्यांनिशी सांगते. पण मला या लेखात मुख्य गोष्ट वेगळी सांगायची आहे. संगणक लिहिलेलं जपतो आणि बिनचूक पुढे पोचवतो. मुळात लिहिलेलं खरं आहे का, हे मात्र त्याला कळत नाही. ते ठरतं आधीच, पेशंट आणि कर्मचारी यांच्यातल्या दोन मिनिटांच्या बोलण्यात. आणि सुरतेसारख्या शहरात ते बोलणं मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून घरंगळत जातं. म्हणून हा विषय आपला आहे.

चूक कुठे होते?

प्राचीन मराठीच्या तासाला आपण पाठचिकित्सा शिकतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून नकलून त्यांत इतके पाठभेद शिरले होते की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करावी लागली. नक्कल करणारा प्रत्येक लेखनिक काही वाईट माणूस नव्हता. कोणी थकलेला असेल, कोणाला अक्षर लागलं नसेल, कोणी आपल्या कानाला ओळखीचा वाटणारा शब्द घातला असेल.

औषधाचा मजकूरही असाच हातोहात जातो. त्याचे ढोबळ चार टप्पे आहेत. डॉक्टर औषध ठरवून लिहितात. कोणीतरी ते चार्टवर उतरवतो. औषधवाला ते काढून देतो. नर्स किंवा घरचं माणूस ते पेशंटला देतं. चारही ठिकाणी पाठभेद होऊ शकतो. म्हणून नर्सिंगच्या मुलींना पहिल्या वर्षीच पाच गोष्टी घोकून घेतात: बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. ‘मार्ग’ म्हणजे गोळी तोंडाने, इंजेक्शन शिरेतून की स्नायूत, हे.

अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस ‘टू एर इज ह्यूमन’ नावाचा अहवाल आला. नाव कवी अलेक्झांडर पोपच्या एका प्रसिद्ध ओळीतून उचललेलं आहे, ही आपल्या इंग्रजीवाल्या मित्रांसाठी माहिती. त्यात अंदाज होता की अमेरिकेतल्या रुग्णालयांत दर वर्षी ४४,००० ते ९८,००० माणसं टाळता येण्याजोग्या चुकांमुळे मरतात. आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले. पण अहवालाचं मुख्य म्हणणं टिकलं: बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे घडत नाहीत. चांगली माणसं वाईट व्यवस्थेत काम करतात तेव्हा त्या घडतात. एकाला निलंबित करून व्यवस्था सुधारत नाही.

यवतमाळ आणि कळवा

हे अमेरिकेचं झालं. आता आपल्याकडची दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही २०२१ मधली आहेत आणि दोन्हींत संगणकाचा संबंध नाही. मुद्दाम अशीच निवडली, कारण मशीनने काय पकडलं असतं आणि काय नसतं, हे त्यांवरून समजतं.

३१ जानेवारी २०२१. पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. कोविडचा काळ होता, त्यामुळे सॅनिटायझर प्रत्येक टेबलावर होतं. मुलांना यवतमाळच्या रुग्णालयात हलवलं आणि सुदैवाने सगळी बचावली. तिघांवर कारवाई होईल असं जिल्हा परिषदेने जाहीर केलं.

पोलिओच्या कुपीवर एक छोटं चिन्ह असतं, वर्तुळात चौकोन. लस उष्णतेने खराब होत गेली की त्या चौकोनाचा रंग गडद होतो. याला भाषा लागत नाही, वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. माझ्या मते ही आरोग्यातली फार सुंदर माहिती-यंत्रणा आहे. पण कुपी हातात घेऊन कोणी त्या चिन्हाकडे बघितलं तरच ती कामाची.

दुसरी घटना सप्टेंबर २०२१ ची, ठाण्याजवळच्या कळव्यातली. कोविडची लस घ्यायला आलेला एक माणूस आरोग्य केंद्रात चुकीच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला रेबीजची, म्हणजे कुत्रा चावल्यावर देतात ती, लस टोचली गेली. त्याचा केसपेपर पाहिलाच गेला नव्हता. ठाणे महापालिकेने डॉक्टर आणि नर्स यांना निलंबित केलं.

कळव्याला केसपेपरवर बारकोड असता आणि लस देण्याआधी तो स्कॅन करणं सक्तीचं असतं, तर मशीन अडलं असतं. यवतमाळला गावातल्या बूथवर स्कॅनर असण्याची शक्यताच नव्हती. तिथे बाटली वाचणारा डोळा हाच स्कॅनर.

हस्ताक्षराकडून कीबोर्डकडे

डॉक्टरांच्या अक्षरावर आपण विनोद करतो. कोर्टाने मात्र तो विषय गंभीरपणे घेतला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि डॉक्टरांनी औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं ठरलं. २०२५ मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने तर सांगितलं की वाचता येणारं प्रिस्क्रिप्शन हा पेशंटच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे.

अक्षर का महत्त्वाचं, ते दोन-तीन उदाहरणांत कळेल. इन्सुलिन ‘युनिट’मध्ये मोजतात. दहाच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहिलं आणि त्याचं तोंड वरून मिटलं, तर ते शून्य दिसतं आणि १० चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ शब्द पूर्ण लिहायचा असा संकेत आहे. तसंच ‘१.०’ लिहू नये, कारण टिंब उडालं की ‘१०’ उरतात. आणि ‘.५’ लिहू नये, ‘०.५’ लिहावं, कारण सुरुवातीचं टिंब दिसलं नाही तर अर्ध्याचे पाच होतात. अनुस्वाराच्या एका टिंबावर आपण व्याकरणात किती भांडतो! इथे टिंबाची किंमत दहापट आहे, अगदी गणिती अर्थाने.

नावांचाही घोळ असतो. लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध आणि लोसेक हे पित्ताचं. अमेरिकेत या दोन नावांची इतकी गल्लत झाली की १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. सारख्या दिसणाऱ्या नावांतला वेगळा भाग कॅपिटलमध्ये छापायचा, अशीही एक पद्धत आहे. इथे आपल्या देवनागरीचा प्रश्न येतो: आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत. उद्या मराठीतून औषधाची चिठ्ठी लिहायची म्हटलं, तर हा उपाय जसाच्या तसा उचलता येणार नाही. ठळक टाइप, रंग किंवा अंतर असं काहीतरी आपलं शोधावं लागेल.

संगणकाने यातलं बरंच सोडवलं. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉक्टर औषध कागदाऐवजी संगणकावर लिहू लागले, तेव्हा वेळीच न पकडल्या गेलेल्या गंभीर औषध-चुका निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास १९९८ चा. त्याच रुग्णालयात पुढे पेशंटच्या मनगटपट्टीवर आणि औषधाच्या पाकिटावर बारकोड लावले. नर्सने आधी दोन्ही स्कॅन करायचे, मग औषध द्यायचं. २०१० च्या अभ्यासात औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. आणि चार्टवर उतरवताना होणाऱ्या चुका पूर्ण थांबल्या, कारण उतरवून घेणं हेच राहिलं नाही. लेखनिकच नाही, तर पाठभेद कुठून होणार!

साडेअडतीस गोळ्या

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नावाजलेल्या विद्यापीठ रुग्णालयात जे घडलं ते समजून घ्यायलाच हवं. डॉ. रॉबर्ट वॉक्टर याच रुग्णालयातले. त्यांनी २०१५ च्या ‘द डिजिटल डॉक्टर’ या पुस्तकात ते सविस्तर लिहिलं आहे.

सोळा वर्षांचा मुलगा तपासणीसाठी दाखल झाला होता. तो रोज सेप्ट्रा नावाची अँटिबायोटिक गोळी घ्यायचा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आपल्याकडे हेच औषध सेप्ट्रान नावाने ओळखीचं आहे. ज्या घटकावर मात्रा मोजतात तो एका गोळीत १६० मिलिग्रॅम.

मुलाचं वजन ४० किलोच्या आत होतं, म्हणून नियमाप्रमाणे संगणकाने मात्रा वजनावर मागितली, म्हणजे ‘दर किलोला इतके मिलिग्रॅम’. डॉक्टरांनी तशी भरली. हिशेबाने ती १९३ मिलिग्रॅम आली. फार्मासिस्टने कळवलं की बाजारातली गोळी १६० ची आहे, तेव्हा १६० करा. डॉक्टरांनी परत उघडून १६० टाइप केलं. पण चौकटीच्या शेजारचं एकक अजून ‘मिलिग्रॅम दर किलो’ असंच होतं. संगणकाने १६० ला मुलाच्या ३८.६ किलो वजनाने गुणलं आणि साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली.

धोक्याची सूचना आली होती. डॉक्टरांनी ती बंद केली. फार्मासिस्टलाही आली, त्यानेही बंद केली. कारण अशा सूचना दिवसभर येतच असतात. खऱ्याखोट्याच्या त्या गर्दीत माणसाची नजर मरते. पुढे रोबोटने न थकता, न विचारता साडेअडतीस गोळ्या पाकिटांत भरल्या. रात्रपाळीच्या नर्सला नवल वाटलं. पण ती त्या वॉर्डात नेहमीची नव्हती. तिने बारकोड स्कॅन केला. मशीन म्हणालं, बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या गिळल्या. काही तासांनी त्याला झटका आला. नशिबाने तो वाचला.

बारकोड खोटं बोलला का? नाही. त्याला विचारलेला प्रश्न होता, ‘ऑर्डरप्रमाणे आहे का?’ त्याने त्याचं खरं उत्तर दिलं. ‘ऑर्डर शहाणपणाची आहे का?’ हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्याला ते कळणारही नव्हतं.

व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर शब्द बरोबर होता, प्रत्यय चुकला. ‘रामाने मारलं’ आणि ‘रामाला मारलं’ यांत नाव तेच, पण मारणारा मार खाणारा झाला. १६० हा आकडा डॉक्टरांच्या डोक्यात बरोबरच होता. त्याच्या शेपटीला कोणता प्रत्यय लागलाय, तिकडे दोघांचं लक्ष गेलं नाही, आणि तिसरीने विचारायचं धाडस मशीनवर सोपवलं.

यंत्र आलं आणि बोलणं कमी झालं

हा एकच अपघात म्हणून सोडून देता येत नाही. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात एक अभ्यास झाला. संगणकावर औषध लिहिण्याच्या पद्धतीमुळे चुकीचा धोका २२ प्रकारांनी निर्माण होतो, असं त्यात दिसलं. एका पेशंटची माहिती अनेक स्क्रीनवर विखुरलेली असणं, यादीत शेजारच्या नावावर क्लिक होणं, असे ते प्रकार.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचा अभ्यास आला. बाहेरून हलवून आणलेल्या अत्यवस्थ मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण संगणक येण्याआधी २.८० टक्के होतं, नंतर ६.५७ टक्के झालं. कारणं वाचताना अंगावर काटा येतो. पूर्वी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच औषधं तयार करायला सांगता यायची. आता मूल पोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर टाकता येईना. नर्स मुलाच्या खाटेऐवजी संगणकापाशी अडकल्या. पण लगेच पुढच्या वर्षी सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तेच सॉफ्टवेअर बसवल्यावरचे आकडे दिले. तिथे मृत्यू वाढले नव्हते. सॉफ्टवेअर एकच होतं. तयारी कशी केली आणि माणसांची कामं कशी वाटली, यात फरक होता.

आपल्या देशातलं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं हाताने, कागदावर करावी लागली. तेव्हा कागदाची सवय असलेली माणसंच कामाला आली असतील, असं मला वाटतं.

उटी गावाचा एक धागा

डॉ. अतुल गवांदे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतले शल्यविशारद आणि इंग्रजीतले उत्तम लेखक. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातलं उटी. म्हणजे वर ज्या जिल्ह्यातली सॅनिटायझरची घटना सांगितली, त्याच जिल्ह्यातल्या एका कुटुंबातला हा मुलगा जगभरच्या ऑपरेशन थिएटरमधल्या चुका कमी करायच्या कामाचा प्रमुख झाला.

त्यांच्या गटाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००८ मध्ये शस्त्रक्रियेची एक तपासयादी बनवली. एका पानावर १९ मुद्दे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं आणि मोठ्याने बोलायचं. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली निकाल छापून आला: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, आणि गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर.

या यादीत वीज लागेल असं काही नाही. चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. मला हा मुद्दा फार आवडला. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितलं, तो पुढे ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ असं म्हणायलाही कमी कचरतो. आणि भूल देण्याआधी पेशंटकडूनच खात्री करून घ्यायची: तुम्ही कोण, कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूला.

आता प्रश्न असा, की पेशंटला विचारायचं कोणत्या भाषेत?

सुरतेतला पेशंट

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबं घराघरांत दिसतील. महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे. पण हॉस्पिटलच्या स्क्रीनवर मजकूर असतो इंग्रजीत, भिंतीवरचा फलक गुजरातीत, नर्स बोलते गुजराती किंवा हिंदी, आणि खाटेवरची बाई उत्तर देते अहिराणीत.

मी काही शब्द जमवले, ते बघा.

‘दम’. मराठी माणूस म्हणतो, “मला जिना चढताना दम लागतो.” म्हणजे धाप लागते. गुजरातीत ‘दम’ हा दम्याचाही शब्द आहे. ऐकणारीने ‘दमा’ असं टिपलं, तर हृदयाचा पेशंट कागदावर दम्याचा होतो.

‘काल’. आपल्याला काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजराती ‘काले’ आणि हिंदी ‘कल’ मात्र मागचाही असतो आणि उद्याचाही. “ही गोळी कल से बंद” हे वाक्य घरी पोचेपर्यंत त्याचा काय अर्थ होईल, सांगा.

आकडे. हाताने लिहिलेला आपला ‘१’ इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ वाटू शकतो. आपला ‘४’ त्याला आठ वाटतो. गुजराती पाचाचा आकडा तर त्यांच्या ‘प’ अक्षराचा जुळा भाऊ.

नावं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पेशंटची ओळख निदान दोन खुणांनी पटवा आणि खाटेचा नंबर त्यात धरू नका. म्हणून साधारणपणे नाव आणि जन्मतारीख विचारतात. आता खानदेशी वस्तीतल्या वॉर्डात पाटील किती असतील? आणि जन्मतारीख? आपल्या कितीतरी आजी-आजोबांची तारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. दोन खुणा जुळल्या तरी माणसं दोन असू शकतात. आम्हा ख्रिस्ती लोकांची वेगळीच मजा. ‘डिसोजा’ इंग्रजीत कोणी वर स्वल्पविराम देऊन लिहितं, कोणी जोडून, कोणी तोडून. संगणकाला ही तीन वेगळी घराणी वाटतात आणि जुनी फाइल काही सापडत नाही.

इथे तंत्रज्ञानाचा खरा फायदा आहे, तो मान्य करायला हवा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्याआधी ऑगस्ट २०२० पासून ते सहा केंद्रशासित प्रदेशांत करून पाहिलं गेलं. त्यांत आपल्या शेजारचा दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही होता. यात माणसाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. स्पेलिंग काहीही असो, क्रमांक एकच. दोन पाटलांचा प्रश्न त्याने सुटतो.

‘दम’चा प्रश्न मात्र सुटत नाही. चुकीचा ‘दमा’ एकदा फाइलमध्ये गेला, की तो क्रमांकाबरोबर गावोगावी, हॉस्पिटलोहॉस्पिटली, स्वच्छ टाइपात फिरणार. कागदावरची चूक एका फाइलीत मरते, ही मरत नाही.

माझ्या घरचं एक उदाहरण देते. आमचं घर मूळचं वसईचं, पप्पांच्या नोकरीमुळे आम्ही सुरतेत आलो. आजी एका रुग्णालयात दाखल झाली तेव्हा नर्सने हिंदीत विचारलं, “कोई एलर्जी है?” आजी म्हणाली, “नाही.” तिच्या लेखी ॲलर्जी म्हणजे धुळीने शिंका येणं. स्क्रीनवर ‘ॲलर्जी नाही’ अशी खूण झाली. शेजारी मावशी होती. तिने विचारलं, “आई, ती गोळी घेऊन तुझ्या अंगावर चट्टे उठले होते, ती कोणती गो?” ती सल्फाची गोळी होती. वरच्या गोष्टीतल्या सेप्ट्रामध्ये असतो, त्याच जातीची. नर्सने लगेच खूण बदलली आणि लाल पट्टी लावली. नर्सचा प्रश्न बरोबर होता, आजीचं उत्तरही तिच्या परीने खरंच होतं. मधला शब्द दोघींचा सारखा नव्हता. जगातलं सगळ्यांत महागडं सॉफ्टवेअर त्या क्षणी असतं, तरी त्याने ‘ॲलर्जी नाही’ हेच जपून ठेवलं असतं.

मावशीने ‘ॲलर्जी’ शब्द वापरलाच नाही, हे लक्षात घ्या. तिने आजीच्या आठवणीतलं चित्र विचारलं.

आपण काय करू शकतो?

आपण डॉक्टर नाही आणि प्रोग्रॅमरही नाही. पण प्रश्न विचारायला योग्य शब्द शोधणं हे भाषेच्या विद्यार्थ्यांचं काम आहे. मंडळापुढे माझी सूचना अशी, की या वर्षी आपण एक छोटं कार्ड तयार करू. त्यात पेशंटला विचारायचे पाच प्रश्न, साध्या मराठीत:

१. कुठलं औषध घेतल्यावर अंगावर उठलं, तोंड सुजलं किंवा श्वास अडकला, असं कधी झालंय का?
२. आत्ता घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत? (पाकिटंच दाखवा.)
३. काढे, जडीबुटी, मेडिकलमधून आपणच आणलेलं काही?
४. गोळी कधी घ्यायची, ते तुमच्या शब्दांत परत सांगा बघू.
५. तुमचं पूर्ण नाव काय आणि आज कशासाठी आलात?

खाली हेच प्रश्न अहिराणीत, वसईच्या बोलीत, आणि कर्मचाऱ्यांसाठी गुजरातीत. अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, तिथे गोळीची ‘गोयी’ होते. “तुमले कोन्ती गोयी सोसत नही?” असं कोणी विचारलं, तर धुळ्याकडची म्हातारी बरोबर उत्तर देईल. बोलींचा अभ्यास आपण परीक्षेसाठी करतोच. तो असा वापरला तर काय बिघडलं? मात्र कार्ड छापण्याआधी एखाद्या डॉक्टरांकडून आणि नर्सकडून तपासून घ्यायचं. आपली पाठशुद्धी त्यांनी करायची.

घरच्यांसाठीही एक नियम सांगते. डिस्चार्जच्या वेळी कागद नुसता पिशवीत घालू नका. नाव, वय, औषध, मात्रा आणि एकक, इतकं तिथेच उभं राहून वाचा. आकडा दिसला की विचारा, “हे कशाचे?” मिलिग्रॅम, मिलिलिटर, युनिट की गोळ्या? विचारल्याने कोणी रागावलं तर रागावू दे. त्या रात्रपाळीच्या नर्सला नवल वाटलं होतं. तिच्याजवळ हा प्रश्न विचारणारं आणखी एक माणूस असतं तर?

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या घरातल्या कोणत्याही एका औषधाच्या चिठ्ठीचे ‘पाठभेद’ शोधा: घरातल्या तीन माणसांना ती वाचायला द्या आणि तिघांनी काय वाचलं ते लिहा.
२. ‘दम’ आणि ‘काल’ यांसारखे, मराठी-गुजराती-हिंदीत अर्थ बदलणारे आजाराशी संबंधित आणखी पाच शब्द जमवा.
३. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. सारखी दिसणारी दोन औषधांची नावं देवनागरीत वेगळी दिसावीत म्हणून तुम्ही काय कराल?
४. तुमच्या आजीला ‘ॲलर्जी’ हा शब्द न वापरता तोच प्रश्न विचारा. ती जे उत्तर देईल ते तिच्याच शब्दांत लिहून मंडळाकडे पाठवा. कार्डाची सुरुवात आपण तिथून करू.